डीबीएस: हात थांबला, मग आवाजाचं काय?

डीबीएसची (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून वीज देण्याच्या उपचाराची) चौकशी करणाऱ्याला कुणीतरी तो व्हिडिओ आधीच पाठवलेला असतो. हात थरथरतोय, कुणीतरी बटण दाबतं, हात जागच्या जागी थांबतो, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. व्हिडिओ खोटा नसतो, पण बटण दाबल्यानंतरचे महिने त्यात नसतात. माझा खरा कस त्या महिन्यांत लागला.

मी गणित शिकवते. पार्किन्सन्स उजव्या हातापासून सुरू झाला. फळ्यावर ओळ सुरू करताना अक्षर नीट यायचं आणि ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं व्हायचं. गोळ्यांवर काही वर्षं छान निभावलं. मग गोळीचा अंमल लवकर ओसरायला लागला. डोस वाढवला की अंग नको तसं वळवळायचं, कमी केला की पाय जमिनीला चिकटायचे. तास कधी आहे ते बघून गोळी घ्यायची आणि ती वेळेवर चढेल अशी आशा करायची, असं चाललं होतं.

ऑपरेशनच्या आधी लेव्होडोपाची, म्हणजे या गोळ्यांमधल्या मुख्य औषधाची, परीक्षा असते. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद, निदान बारा तास. सकाळी मी खुर्चीतून स्वतःहून उठू शकत नव्हते. त्या अवस्थेत एकदा हालचाली तपासून गुण मोजतात, मग नेहमीपेक्षा मोठा डोस देऊन पुन्हा मोजतात. निदान तीस टक्के तरी फरक पडायला हवा, असा साधारण दंडक आहे. कारण सरळ आहे: गोळीने जे सुधारतं तेच बहुधा विजेने सुधारतं. अपवाद कंपाचा, तो गोळीला दाद देत नसला तरी विजेला देतो. गोळीनेही न सुटणारं पायांचं अडखळणं आणि तोल ऑपरेशननेही फारसा सुधारत नाही. हे आधी पक्कं समजून घ्यावं, कारण सर्वाधिक निराशा इथेच होते. स्मरणशक्ती आणि मनःस्थितीच्या चाचण्याही झाल्या. त्या कंटाळवाण्या होत्या, पण टाळता येत नाहीत.

मग संशोधनाचं संमतीपत्र आलं. ते उपचाराच्या संमतीपत्रापेक्षा वेगळं होतं, आणि ते वेगळंच असायला हवं. ऑपरेशन चालू असताना मी स्क्रीनकडे बघून बटणं दाबायची आणि मधेच खूण आली की दाबता दाबता थांबायचं. मेंदूचा जो भाग हालचालींना ब्रेक लावतो असं मानतात, तिथेच माझी लीड, म्हणजे वीज पोचवणारी तार, बसणार होती, त्यामुळे तेवढ्या वेळात त्यांना तिथले संकेत टिपता येणार होते. कवटीला जादा भोक नाही, मला फायदाही नाही; नाही म्हटलं तरी उपचार तसाच होणार. ‘फायदा नाही’ हे कागदावर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणूनच मी सही केली.

ऑपरेशनमध्ये सगळ्यात जास्त काय दुखलं, तर डोक्याला फ्रेम लावण्याआधी चार ठिकाणी दिलेली भुलीची इंजेक्शनं. ड्रिलचा आवाज कानातून येत नाही, कवटीतूनच येतो. दुखत मात्र नाही, आणि मेंदूला तर स्वतःची वेदनाच नसते. मग केसासारखी बारीक सुई मिलिमीटरच्या अंशाने खाली सरकवतात आणि तिथल्या पेशींचा आवाज स्पीकरवर ऐकतात. बराच वेळ नुसती खरखर होती. सुई सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये, म्हणजे त्या ब्रेकच्या जागी, शिरली आणि एकदम गलका सुरू झाला. हा जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा ठिपका. डॉक्टरांनी माझं मनगट वर-खाली केलं तसा त्या गलक्याचा ताल बदलला. माझ्या मनगटाचा आवाज मी बाहेरून ऐकत होते. इतक्या ताणातही मला त्याची गंमत वाटली.

नंतर लीडमधून वीज सोडून बघतात. ही उपचारपद्धती अशाच तपासणीतून निघाली. 1987 मध्ये ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबिद हे डॉक्टर कंपावर उपाय म्हणून मेंदूतल्या थॅलॅमस या भागातला बिंदू जाळून टाकण्याआधी तिथे वीज देऊन खात्री करत होते. सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंदनं दिली की कंप थांबतो हे त्यांनी पाहिलं. मग जाळायचं कशाला?

“मॅडम, काहीतरी म्हणत राहा,” डॉक्टर म्हणाले. मी एकोणतीसचा पाढा धरला. करंट वाढवत नेला तशी आधी बोटांना झिणझिण्या आल्या आणि मग ‘सत्त्याऐंशी’ तोंडातून नीट बाहेर पडेना. करंट खाली आणला की शब्द पुन्हा स्वच्छ. नंतर पूर्ण भूल देऊन कॉलरबोनच्या खाली बॅटरी बसवली.

पुढचे काही आठवडे यंत्र बंद असूनही हात शांत होता. लीड शिरताना तिथे जी थोडी इजा आणि सूज होते, तिचा हा तात्पुरता परिणाम. नातेवाईक लगेच अभिनंदन करायला लागतात. त्यांना थोपवून धरा.

प्रोग्रामिंगला, म्हणजे यंत्राचा करंट जुळवून घ्यायला, गोळी न घेता जायचं. लीडच्या टोकाशी धातूचे छोटे संपर्कबिंदू असतात. एकेक चालू करून करंट हळूहळू वाढवायचा, कंप कुठे थांबतो आणि त्रास कुठे सुरू होतो हे लिहून घ्यायचं. आम्ही सेकंदाला 130 स्पंदनं (130 हर्ट्झ) आणि प्रत्येक स्पंदन 60 मायक्रोसेकंदांचं, इथून सुरुवात केली, बहुतेकांची तिथूनच होते. हात थांबला. फळ्यावरची ओळ शेवटपर्यंत एकाच मापाची आली.

पण वर्गात मागच्या बाकावरची मुलं “बाई, ऐकू नाही आलं” म्हणायला लागली. घरी नवरा आधी आडून विचारायचा, मग सरळच म्हणाला, “अगं, तू आत्ता काय म्हणालीस?” स्वर खाली गेला होता आणि शब्द एकमेकांत घुसत होते. न्यूक्लियसच्या बाहेरच्या बाजूने इंटर्नल कॅप्सूलचे तंतू जातात, चेहऱ्याला आणि घशाला हुकूम पोचवणारे. करंट तिकडे सांडला की बोलणं बिघडतं.

तक्रार केली तेव्हा गुणपत्रिका दाखवण्यात आली. गुण झकास सुधारले होते. मी ती घरी आणून बघितली, गणिताची बाई ना! पार्किन्सन्स मोजायच्या एमडीएस-यूपीडीआरएस या मोजपट्टीत गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. तिच्या तिसऱ्या भागात, म्हणजे हालचालींच्या तपासणीत, 33 नोंदी असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त चार गुण, एकूण 132. त्यात बोलण्याला एकच नोंद. म्हणजे वाचा पार गेली तरी चारच गुण, आणि दोन हातांचा कंप कमी झाला की ते सहज भरून निघतात. मोजपट्टी चुकीची आहे असं मी म्हणत नाही, पण माझं पोट त्या चार गुणांवर आहे. पुढच्या भेटीत मी हे असंच मांडलं आणि चर्चेचा सूर बदलला.

माझ्या लीडचे मधले दोन बिंदू प्रत्येकी तीन तुकड्यांत विभागलेले होते, त्यामुळे करंट एका बाजूला वळवता येत होता. तो कॅप्सूलपासून दूर वळवला आणि थोडा कमी केला. दर भेटीत मी तोच पाढा मोबाइलवर रेकॉर्ड केला. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना त्याचा माझ्या वर्णनापेक्षा जास्त उपयोग झाला. शेवटी रिमोटवर दोन प्रोग्राम ठरले. एकात हात स्थिर आणि आवाज जड, तो वह्या तपासताना. दुसऱ्यात अंगठा जरा हलतो, पण मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं.

आता संशोधनाचा दुसरा टप्पा चालू आहे. गोळी उतरली की या न्यूक्लियसमध्ये पेशींच्या संकेतांची 13 ते 30 हर्ट्झची बीटा लय वाढते, गोळी चढली की ती खाली येते. ती लय बघून यंत्राने करंट स्वतःच कमी-जास्त करायचा, हा तो प्रयोग. 2025 मध्ये अमेरिकेत आणि युरोपात अशा पद्धतीला मंजुरी मिळाली आहे. आमच्या गटात नेहमीच्या पद्धतीशी तुलना चालली आहे. कुठली कधी चालू आहे हे मला सांगत नाहीत आणि तपासणाऱ्यालाही माहीत नसतं. पार्किन्सन्समध्ये हे फार गरजेचं आहे. बरं वाटेल या नुसत्या अपेक्षेनेही मेंदूत डोपामिन सुटतं, हे 2001 मध्ये स्कॅनवर दिसलेलं आहे.

मला दुसरा कालखंड जास्त मानवला आणि मी तसं लिहून दिलं. कारणाच्या जागी ‘बोलणं’ लिहिलं. ती पद्धत कुठली होती ते सगळ्यांची तपासणी संपल्यावरच कळेल.