जळतो तो दरवेळी तोच डायोड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका निकेल प्लेटिंगच्या शेडमध्ये मोठा रेक्टिफायर आहे, म्हणजे एसीचा डीसी करणारं यंत्र. त्याच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन स्टड डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे, बोल्टसारखे बसवायचे) पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेले. त्यातला एक बदलला की काही दिवसांनी पुन्हा शॉर्ट, आणि तोही त्याच जागेवरचा. मालक वैतागून म्हणाले, "मास्तर, त्या जागेलाच काहीतरी दोष हाय बघा."

सोबत खानापूरकडचा एक डिप्लोमाचा पोरगा ट्रेनिंगला होता. त्यानं मीटर लावून जुना आणि नुकताच बदललेला नवा, असे दोन्ही डायोड तपासले. "सर, दोन्ही चांगलेच आहेत की. सिलिकॉन म्हणजे ०.७ व्होल्ट."

हा ०.७ चा आकडा मला फार खटकतो. पोरांच्या डोक्यात तो भिंतीसारखा बसलेला असतो: अलीकडे करंट शून्य, पलीकडे हवा तेवढा. मीटर डायोड तपासताना जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतं, आणि इथं शेकडो अँपिअरचा मामला. म्हणून दोन्ही डायोड काढून घेतले, बेंचवरच्या सप्लायनं प्रत्येकातून १० अँपिअर सोडले आणि प्रोब थेट डायोडच्या अंगाला लावले. जुना ०.८३ व्होल्ट, नवा ०.७८. नवा दुसऱ्याच कंपनीचा होता.

"पन्नास मिलिव्होल्टनं काय होतंय सर?"

इथंच सगळं आहे. फॉरवर्ड बायसमध्ये, म्हणजे डायोड करंट जाऊ देतो त्या दिशेला, व्होल्टेज ठरावीक पायरीनं वाढलं की करंट ठरावीक पटीनं वाढतो. आदर्श डायोडात, खोलीच्या तापमानाला, १८ मिलिव्होल्ट वाढले की करंट दुप्पट, ६० वाढले की दहापट. पॅरललमध्ये दोघांच्या टोकांना व्होल्टेज एकच. मग ज्याला कमी व्होल्टेज पुरतं तोच जास्त करंट ओढणार. मोठ्या करंटला डायोडचा स्वतःचा रेझिस्टन्स आडवा येतो, त्यामुळे फरक सूत्राएवढा टोकाचा होत नाही. तरीही डायोड परत बसवून डीसी क्लॅम्प (केबलभोवती धरून करंट मोजणारा मीटर) लावला, तेव्हा नव्यातून १४० अँपिअर जात होते आणि जुन्यातून ५५.

मग पोरानं जे विचारलं, त्यानं मला खरोखर आनंद झाला. "सर, डायोडचा करंट सांगणाऱ्या शॉकलेच्या सूत्रात, घातांकात तापमान छेदात आहे. मग डायोड तापला की करंट कमी व्हायला पाहिजे की!"

विल्यम शॉकले यांनी १९४९ साली मांडलेल्या त्या समीकरणात घातांकाच्या बाहेर आणखी एक पद आहे, सॅच्युरेशन करंट, म्हणजे डायोड उलटा जोडला तरी त्यातून झिरपणारा अगदी थोडा करंट. उष्णतेनं सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन-होल जोड्या सुटतात आणि हे पद इतक्या झपाट्यानं वाढतं, की छेदातल्या तापमानाचा परिणाम त्यापुढं टिकत नाही. नवा डायोड पुन्हा बेंचवर घेतला, करंट कमी ठेवून हॉट एअर गन धरली. करंट तोच, पण मीटरवरचा व्होल्टेजचा आकडा डोळ्यांदेखत उतरू लागला, अंशाला साधारण दोन मिलिव्होल्ट. पोरगा बराच वेळ नुसता मीटरकडे बघत राहिला. म्हणजे जास्त करंट घेणारा तापतो, तापला की त्याला आणखी कमी व्होल्टेज पुरतं, म्हणून तो आणखी करंट ओढतो आणि शेवटी जळतो.

एकाच लॉटमधले, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेले डायोड आणले, १० अँपिअरला मोजून जुळणारी जोडी निवडली. आधी दोघांना वेगवेगळे हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे ठोकळे होते. आता दोन्ही एकाच जाड हीटसिंकवर, म्हणजे एक तापला तर दुसराही तापेल. केबलची लांबीही सारखी केली. लोडवर क्लॅम्प लावला: ९९ आणि ९६. मालकांना एवढंच सांगितलं, की पुढं एक डायोड गेला तरी बदलताना जोडीच बदला, आणि दोन्ही एकाच लॉटचे घ्या.