कळ थांबली आणि मी ऑपरेशनला हो म्हटलं

पायातली कळ जवळजवळ थांबली आणि त्याच आठवड्यात मी मणक्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली. घरच्यांना आणि सायकलच्या ग्रुपला हे उलटंच वाटलं. "रात्र रात्र रडत होतीस तेव्हा नको म्हणालीस, आणि आता बरं वाटतंय तर पाठ कापून घ्यायला निघालीस?" आई म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं, बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसत होतं. पाठीच्या दुखण्यामुळे सायकल भिंतीला टेकवून ठेवलेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत. त्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: ऑपरेशन केलं तर पुन्हा सायकल चालवता येईल का? माझाही तोच होता. पण निर्णय ज्या प्रश्नावर झाला तो वेगळाच निघाला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी पुण्यात कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. पहाटे खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं आणि रविवारी बोपदेव नाहीतर कात्रजचा जुना घाट, हा नेम. शिवाय बीआरएमची, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइडची ओढ. त्यात स्पर्धा नसते, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत संपवायचं असतं: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एकाच मोसमात चारही पूर्ण केल्या की सुपर रँडोनिअर हा किताब. माझ्या दोनशे आणि तीनशे झाल्या होत्या, चारशेची तयारी चालू होती.

पावसाळा संपता संपता डाव्या कुल्ल्यात चमक सुरू झाली. दोन-तीन दिवसांत ती मांडीच्या बाहेरच्या बाजूने, नडगीच्या कडेने पायाच्या पाठीपर्यंत उतरली आणि अंगठ्याला मुंग्या आल्या. बसलं की कळ, शिंकलं की कळ. बँकेत मी उभ्याने काम करायला लागले. एमआरआयमध्ये दिसलं की कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी डावीकडे फुटून बाहेर आली आहे आणि पायाकडे जाणाऱ्या एल-फाइव्ह नसेवर दाबते आहे.

रिपोर्ट घरी वाचला तेव्हा हातपाय गळाले. त्या एका गादीखेरीज आणखी तीन ठिकाणी झीज, फुगवटा असं बरंच लिहिलेलं होतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी धीर दिला. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांची झीज दिसली होती आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. "फोटोत दिसतं ते सगळं दुखत नसतं," ते म्हणाले. बाकीच्या ओळींवर त्यांनी पेन्सिलने काट मारली आणि एकच ओळ ठेवली.

पहिल्या सर्जननी एमआरआय उजेडाला धरला आणि सांगितलं की स्क्रू आणि रॉड घालून दोन मणके जोडून टाकू, म्हणजे कायमची कटकट मिटेल. सायकलचं विचारलं तर म्हणाले, ती आता विसरा. माझे बूट पायातच होते. पायाला हात लावून कुणी पाहिलं नव्हतं. एवढा मोठा निर्णय फक्त फिल्मवर होऊ नये असं मला आतून वाटत राहिलं, आणि मी दुसरं मत घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी मोजे काढायला लावले. टाचांवर चालायला सांगितलं, मग चवड्यांवर. उताणी झोपवून पाय सरळ वर उचलला, तो अर्ध्यावर येण्याआधीच मी ओरडले. मग त्यांनी स्वतःच्या बोटाने माझा पायाचा अंगठा खाली दाबला आणि म्हणाले, "वर ढकला." उजवा हलला नाही. डावा थोडा दबला. ताकदीला ते शून्य ते पाच असे गुण देतात: पाच म्हणजे पूर्ण, तीन म्हणजे पायाचं वजन तेवढं उचललं जातं, वरून दाबलं की पडतो. माझ्या अंगठ्याला चार मिळाले. वाकून आणि मागे झुकून एक्सरे काढले. मणके जागचे सरकत नव्हते, त्यामुळे स्क्रूचं कारणच उरलं नाही. करायचंच झालं तर नसेवर बसलेला तुकडा तेवढा काढायचा, आणि तोही आत्ता नाही, असं त्यांचं मत पडलं.

थांबायचं का, हे त्यांनी नीट समजावलं. बाहेर आलेला तुकडा शरीराला परका वाटतो. पांढऱ्या पेशी तो खाऊन टाकतात. नुसता फुगवटा बऱ्याचदा तसाच राहतो, पण फुटून बाहेर पडलेला तुकडा विरघळून जाण्याची शक्यता उलट जास्त असते. त्यांनी नेदरलँड्समधल्या २००७ सालच्या अभ्यासाचा दाखला दिला. जोराच्या सायटिकाचे, म्हणजे नस दाबून पायात उतरणाऱ्या कळेचे २८३ रुग्ण, निम्म्यांना लवकर ऑपरेशन, निम्म्यांना औषधं देऊन थांबवलेलं. ऑपरेशनवाल्यांची कळ बरीच लवकर गेली, पण वर्षअखेरीला दोन्हीकडचे सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावंच लागलं. हे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "ज्यांचा पाय स्वतःचं वजनही उचलत नव्हता, असे रुग्ण या अभ्यासात घेतलेच नव्हते. हे लक्षात ठेवा." त्या दिवशी मला ते तपशिलासारखं वाटलं. पुढे माझा सगळा निर्णय त्या वाक्यावर उभा राहिला.

दोन अटी घालून त्यांनी घरी पाठवलं. लघवी अडली, आपोआप झाली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर रात्र असो की दिवस, थेट इमर्जन्सीत यायचं, तिथे वाट बघणं नाही. आणि ताकद कमी होतेय असं वाटलं तर त्याच दिवशी फोन करायचा.

मग थांबण्याचे दिवस. नसेच्या दुखण्याची गोळी घेतली की डोकं जड व्हायचं, दुपारी बँकेत डुलकी यायची. नसेच्या मुळाशी इंजेक्शन दिलं, त्याने बरीच उसंत मिळाली. फिजिओताईंनी चालणं वाढवत नेलं. ग्रुपवर सल्ल्यांचा पूर आला होता. हाडवैद्याचे पत्ते आले. डच सायकलपटू मॅथ्यू व्हॅन डर पूल पाठीच्या दुखण्यामुळे बाजूला राहिला आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये टूर ऑफ फ्लँडर्स ही शर्यत जिंकला, हे तर तिघांनी पाठवलं. उमेद वाटायची, पण त्याच्या पाठीत काय होतं आणि माझ्या पाठीत काय आहे, याचा काही संबंध नव्हता.

हळूहळू कळ खरंच उतरली. रात्री झोप लागायला लागली. फिजिओताईंच्या परवानगीने मी हॉलमधल्या ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पेडल मारायच्या स्टँडवर सायकल लावली, हात वर टेकवून, पाठ ताठ ठेवून. पाय फिरत होते, पायाचा जोर मोजणाऱ्या पॉवर मीटरचे आकडे फारसे खाली नव्हते. सगळे खूश.

त्याच सुमारास एका संध्याकाळी दूध आणायला खाली उतरताना डाव्या पायातली चप्पल निसटली. घातली, चार पायऱ्या उतरले, पुन्हा निसटली. वर येऊन स्वयंपाकघरातल्या फरशीवर अनवाणी टाचांवर चालून पाहिलं. उजवा चवडा वर राहत होता, डावा दर पावलाला खाली येऊन फरशीवर फट्‌ असा वाजत होता. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "आत्ताच फोन कर."

ट्रेनरवर हे दिसलं कसं नाही, याचा उलगडा रात्री झाला. सायकलचा बूट तळाला लावलेल्या क्लीट नावाच्या पकडीने पेडलला अडकलेला असतो. पाऊल धरून ठेवण्याचं काम पेडलच करतं, आणि जोर लावतात ते मांडीचे नि कुल्ल्याचे स्नायू. चवडा वर उचलणारा नडगीचा स्नायू लुळा पडत असला तरी पाय गोल फिरतच राहतो. आम्हा सायकलवाल्यांसाठी ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सायकल नीट चालतेय म्हणजे नस ठीक आहे, असं अजिबात नाही. साधी चप्पल घालून चाललं की खरं काय ते कळतं.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याला तीन गुण मिळाले, घोट्याला चार. म्हणजे थांबण्याचा भरवसा ज्या अभ्यासावर होता, त्यात न घेतलेल्या रुग्णांच्या उंबरठ्यावर मी आले होते. कळ कमी आणि ताकदही कमी, हे एकाच वेळी होणं चांगलं नाही, डॉक्टर म्हणाले. बराच काळ दाबलेली नस कधीकधी ठणकायचीही थांबते. म्हणजे ज्या गोष्टीवरून आम्ही सगळे "सुधारतंय" म्हणत होतो, ती इथे काही सांगतच नव्हती.

मी तरीही सायकलचं विचारलं. त्यांचं उत्तर जसंच्या तसं लक्षात आहे: "सायकलसाठी ऑपरेशन करू नका. सायकलची हमी मी देणार नाही. पायासाठी करायचं का, एवढंच ठरवा." मग त्यांनी न विचारता धोके सांगितले. नसांवरचं आवरण फाटू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो. उरलेल्या गादीतून पुन्हा तुकडा बाहेर येऊ शकतो, आणि तसं बऱ्यापैकी जणांना होतं. ऑपरेशनने पायाची कळ जाते, कंबरदुखी जाईलच असं नाही. गेलेली ताकद परत येईल असंही नाही, पण नस जितकी जास्त दिवस दाबली जाईल तितकी आशा कमी.

घरी आल्यावर मी कागदावर उभी रेघ मारली आणि दोन्ही बाजू लिहायला बसले. पाच-सहा मुद्दे झाल्यावर कळलं की सायकल दोन्हीकडे येते आहे. न करता पाऊल लुळं राहिलं तरी क्लीट लावून मी कदाचित चालवली असती. केलं तरी कदाचित सुटली असती. म्हणून सायकल खोडून टाकली. खाली उरलं ते एवढंच: जिना उतरणं, चपलेत चालणं, आईला धरून दवाखान्यात नेणं. खोडताना फार वाईट वाटलं, पण त्यानंतर निर्णयाला वेळ लागला नाही.

आईची भीती वेगळी होती. तिच्या मामांचं असंच ऑपरेशन झालं होतं, पाठीवर वीतभर चीर, मग महिनोन्‌महिने अंथरूण. गादीचा तुकडा नसेवर दाबल्याने पाय दुखतो हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली दाखवून दिलं, आणि मायक्रोस्कोप वापरून छोट्या चिरेतून तो काढण्याची पद्धत यशारगिल आणि कास्पार यांनी १९७७ साली मांडली. मामांच्या वेळी ही छोट्या चिरेची पद्धत आपल्याकडे पोचलेली नव्हती. मी आईला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याच्या पेरावर चिरेची लांबी दाखवली. तिची भीती पूर्ण गेली नाही, पण ती म्हणाली, "पावलाचा तो आवाज मला नाही ऐकवत. कर बाई."

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. विम्याची कॅशलेस मंजुरी यायला अख्खा दिवस गेला. भूल पूर्ण होती. संध्याकाळी दोघी नर्सनी धरून उभं केलं, तेव्हा पायातली ओढ नव्हती. मी आधी अंगठा वर केला. तो आला, पण उजव्याइतका नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी तो दाबून पाहिला आणि सांगितलं की याला महिने लागतील.

लागलेच. सुरुवातीला फक्त चालणं, वाकायचं नाही, पिळायचं नाही, वजन उचलायचं नाही. दीडेक महिन्याने ट्रेनर, तोही ताठ बसून. रस्त्यावर यायला त्याहून बराच वेळ गेला, कारण आपल्याकडचे खड्डे आणि अचानक येणारे स्पीडब्रेकर. सायकलचं फिटिंग नव्याने करून घेतलं. हँडल वर घेतलं, हँडल सायकलला जोडणारा दांडा, म्हणजे स्टेम, आखूड लावला, सीट थोडी खाली केली, कारण पेडल खाली जाताना कंबर डावी-उजवीकडे हलत होती. टायर ३२ मिलिमीटरचे टाकले आणि हवा कमी ठेवली. मागे ३४ दात्यांपर्यंतची गिअरची चक्रं, म्हणजे कॅसेट आली, चढावर जोर न लावता पाय भराभर फिरतात. वाऱ्याला छाती दिल्यामुळे वेग कमी झाला आहे. त्याचं मला काही वाटत नाही.

अंगठा आता साडेचारपर्यंत आला आहे असं फिजिओताई म्हणतात. जास्त चालणं झालं की डावं पाऊल लवकर थकतं, म्हणून मागे पट्टा असलेले सँडल वापरते. एकाच जागी फार वेळ बसलं की कंबर धरते, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बोपदेव चढून झाला आहे, मध्ये एकदा उतरून. येत्या हिवाळ्यात दोनशेचा विचार आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांनी आतापासून एक अट घातली आहे: आधीच्या आठवड्यात टाचांवर चालून दाखवायचं, तिथे डावा चवडा जरा जरी पडला तरी नाव मागे घ्यायचं. मी कबूल केलं आहे.