डाव्या तर्जनीवरचा व्रण

आमच्या डिजिटल ग्रंथालयात माझं काम वर्णनाचं. स्कॅन होऊन आलेल्या पानाला शीर्षक द्यायचं, साल लावायचं, विषय टाकायचा आणि शोधणाऱ्याला सापडेल अशी चार ओळींची टीप लिहायची. संग्रह इंग्रजी अमदानीतल्या कायद्यांचा आणि त्या कायद्यांच्या कचाट्यात सापडलेल्या लोकांचा. जंगल खात्याचे अहवाल, गॅझेटं, कोर्टाचे निवाडे असं बरंच काही. त्या आठवड्यात माझ्यापुढे गुन्हेगार जमाती कायद्याखालची एक नोंदवही होती, १९३०च्या दशकातली.

दुपारी एक काका मुलीला घेऊन आले. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघालेले. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपलेले कागद काढले. मुलीला प्रवेश मिळाला होता, पण जात वैधता प्रमाणपत्र अडलं होतं. कैकाडी, विमुक्त जाती. या प्रवर्गाला २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख आहे, त्याआधीचा पुरावा लागतो. वडील शाळेची पायरी चढले नव्हते, त्यामुळे दाखला नाही. जमीन कधीच नव्हती, म्हणजे सातबारा नाही. आजोबांच्या जन्माची नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता.

"आमचा आजा सेटलमेंटात होता, मॅडम. तारेच्या आत. तिथं हजेरी घ्यायचे म्हणतात. ती वही तुमच्याकडं आलीय का?"

स्कॅन केलेली ती वही माझ्या पडद्यावर उघडी होती आणि मी गप्प बसले, कारण सकाळीच तिच्यावर 'बंद' असा शेरा मारून ठेवला होता. माणसांची नावं, ठसे, वर 'गुन्हेगार' हा शिक्का. असं पान जगापुढे टाकणं मला आजही पटत नाही. हा कायदा १८७१ साली आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११च्या कायद्यानं मुंबई इलाख्यापर्यंत पोचला, १९२४ साली पुन्हा नव्यानं बांधला गेला. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देता येत नसे. कुठलाही गुन्हा शाबीत न होता माणूस नोंदवहीत चढायचा. बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. सोलापुरात अशा कुटुंबांना कुंपणात ठेवून गिरण्यांमध्ये कामाला लावलं. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा देशभरातून रद्द झाला, म्हणूनच तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

आणि ज्या वहीनं या घराला डाग लावला, तीच आता त्यांचा एकमेव लेखी पुरावा ठरणार होती.

शोधायला बसलो. यंत्राला हे हस्ताक्षर वाचता येत नाही, डोळ्यांनीच पानं चाळावी लागतात. काकांच्या आजोबांचं नाव तीन अक्षरांचं, पण कारकुनानं ते इंग्रजीत कानाला येईल तसं लिहिलेलं. मी चार संभाव्य रूपं कागदावर काढली. वडिलांच्या नावाचा रकाना हाच भरवशाचा, म्हणून मुलीनं पणजोबांच्या बापाचं नाव वंशावळीतून वाचून दाखवलं. दीड तासानं ती ओळ सापडली. नाव, बापाचं नाव, जात, वय बावीस, ठशांचा क्रमांक. शेवटच्या रकान्यात ओळखीची खूण : डाव्या तर्जनीवर आडवा जुना व्रण.

मी ते मराठीत वाचून दाखवलं. काकांनी काही न बोलता डावा हात टेबलावर ठेवला. तर्जनीच्या दुसऱ्या पेराखाली पांढरट आडवी रेघ.

"फोक चिरताना सुरी सटकते," ते म्हणाले. "निरगुडीचा फोक असा डाव्या हातात धरायचा. माझ्या बापाच्याही बोटावर होती. टोपल्या वळणाऱ्या घरात ही खूण सगळ्यांना असते."

साहेबाच्या वहीत तोच व्रण म्हणजे पळून गेलेला माणूस पकडण्याचा तपशील होता.

मग काकांनी हळू आवाजात विचारलं, "ही वरची ओळ सोडून खालचं तेवढं छापून देता येईल का?" वरची ओळ म्हणजे कायद्याचं नाव. मुलगी भिंतीकडे बघत होती. मला खोटं बोलवेना. मथळा कापला तर तो कागद कुणीच पुरावा म्हणून धरणार नाही, आणि आमच्या स्कॅनला तसाही प्रमाणित प्रतीचा दर्जा नाही. मूळ वही ज्या अभिलेखागाराच्या ताब्यात आहे तिथेच नकलेसाठी अर्ज करावा लागतो. मी दप्तर क्रमांक, वही क्रमांक, पान, ओळ असं सगळं लिहून दिलं, अर्जाचा मसुदाही तिथेच बसून केला. वाचायला म्हणून दिलेल्या प्रतीत बाकीच्या अकरा ओळी झाकल्या.

झाकण्याआधी काकांची नजर त्यांवरून गेली होती. मुलीनं दोन नावं त्यांना वाचून दाखवली. "ही घरं अजून आहेत. आमच्याच गल्लीत." थोडं थांबून म्हणाले, "ताई, हे इंटरनेटवर टाकणार असाल तर त्यांना आधी विचारा. आणि कुणी मागायला आलं तर मात्र नाही म्हणू नका." मघाशी मॅडम होते, आता ताई झाले होते.

आदिवासी आणि मूलनिवासी समूहांच्या माहितीबद्दल २०१९ साली जगभरच्या अभ्यासकांनी काही तत्त्वं मांडली : समूहाचा फायदा, समूहाचं नियंत्रण, जबाबदारी, नीती. आमच्याकडे प्रशिक्षणात ती शिकवतात, मी ती पाठही केली होती. काकांनी दोन वाक्यांत पहिल्या दोन तत्त्वांचा व्यवहारातला अर्थ सांगितला. मी सकाळी दार बंद केलं होतं ते कुणालाही न विचारता, त्यांच्याच भल्यासाठी म्हणून.

ते गेल्यावर मी 'बंद' हा शेरा काढला. 'घरच्यांच्या मागणीवर उपलब्ध' असं टाकलं, आणि ही सोय वरिष्ठांकडून मंजूर करून घ्यायला पत्र लिहिलं. शीर्षकातला 'गुन्हेगार' शब्द मी पुसला नाही. सरकारनं काय केलं ते दिसायलाच हवं. मात्र त्याला अवतरणचिन्हं दिली आणि विषयाच्या रकान्यात 'विमुक्त जाती', 'कैकाडी' हे शब्द आधी घातले, कारण शोधणारा त्याच शब्दांनी शोधणार.

टिपेची जागा उरली होती. काकांना निघताना विचारलंच होतं, लिहू का म्हणून. "लिहा की," म्हणाले. नाव न घालता मी लिहिलं : 'ओळखीची खूण या रकान्यातील तर्जनीवरचा व्रण हा टोपल्यांसाठी निरगुडीचे फोक चिरताना सुरीने होतो, असे नोंद झालेल्या व्यक्तीच्या नातवाने सांगितले.'

मग उरलेल्या अकरा ओळींचा तोच रकाना पुन्हा वाचला. आणखी तिघांच्या डाव्या तर्जनीवर व्रण होता.