काकांची वेबसाइट गूगलवर का दिसत नव्हती

बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करणारे एक काका आहेत. जेसीबीचे, ऊस ट्रॉलीचे, प्रेस मशीनचे, सगळे सिलिंडर त्यांच्याकडे येतात, खानापूर चंदगडपासून अगदी गोव्यापर्यंतची गिऱ्हाइकं आहेत, आणि हात असा की रॉडवरनं नुसतं नख फिरवून सांगतात क्रोम कुठे उडालाय. पैसे मोजून त्यांनी वेबसाइट करून घेतली होती, पण तिच्यावरनं एक फोन नाही. मुलगी त्यांना घेऊन माझ्याकडे आली तेव्हा काका म्हणाले, "आमचं नाव टाकलं तरी आमीच दिसंना ओ, मग ही वेबसाइट हाय तरी कुठं?"

असं कोणी आलं की मी पहिल्यांदा गूगलमध्ये इंग्रजीत साइट लिहून, कोलन देऊन, त्याला चिकटून वेबसाइटचा पत्ता टाकतो. त्या साइटची कुठली पानं गूगलकडे आहेत ते त्यात साधारण कळतं. काकांच्या साइटचं एकही पान नव्हतं. आता पाचव्या पानावर दिसणं वेगळं आणि अजिबातच नसणं वेगळं, दोन्हीचा इलाज वेगळा, पण हे कोणी सांगत नाही. काकांना त्याआधी कुणाचे तरी फोन येत होते, दर महिन्याला इतके द्या, पहिल्या पानावर आणून देतो म्हणून. मला खरंच राग आला, कारण दिवसभर लेथवर उभा राहणारा माणूस ते पैसे कशातनं देणार आणि देऊन उपयोग काय होणार होता?

साइट बनवणारा मुलगा गाव सोडून गेलेला, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्याच्याच ईमेलवर नोंदवलेलं. मुलीने फोनवर फोन करून पासवर्ड मिळवला. साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर होती. आम्ही सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये गेलो, आणि तिथे खाली ती टिक होती, 'डिस्करेज सर्च इंजिन्स फ्रॉम इंडेक्सिंग धिस साइट'. साइट अर्धवट असताना ही टिक मुद्दाम करतात, ते बरोबरच आहे, नाहीतर कच्ची पानं लोकांना दिसतील. पण काम संपल्यावर काढावी लागते. ती असेपर्यंत प्रत्येक पानाच्या कोडमध्ये नोइंडेक्स जातं, म्हणजे गूगलचा बॉट, पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, येतो, ते वाचतो आणि पान यादीत न घेता निघून जातो. शटर उघडं ठेवून बाहेर 'दुकान बंद' अशी पाटी लावल्यासारखं झालं. मुलगी म्हणाली, "एवढंच होतं?" मी टिक तिलाच काढायला लावली, मग सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या टूलवर साइट जोडून साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांची यादी, दिला आणि मुख्य पान गूगलच्या यादीत घ्या अशी इंडेक्सिंगची रिक्वेस्ट टाकली.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. पानावर बघितलं तर सगळा मजकूर फोटोत, होनिंग (सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करणं), क्रोम प्लेटिंग, सील किट, फोन नंबरसुद्धा त्या डिझाइनमध्येच छापलेला, म्हणजे मोबाइलवर नंबर दाबून फोन लागत नाही आणि गूगलला वाचायला धड मजकूर नाही. पानाचं टायटल नुसतं 'होम'. मग मी वर्कशॉपमध्येच जाऊन बसलो आणि काकांना म्हटलं, गिऱ्हाईक फोनवर पहिलं वाक्य काय बोलतं ते सांगा. काका हात पुसत म्हणाले, "होनिंग बिनिंग कोण इचारत न्हाई बगा. ट्रॉलीचा जॅक गळूलालाय, आज करून देता काय, असं इचारत्यात." जॅक म्हणजे ट्रॉली उचलणारा सिलिंडरच. तसंच लिहिलं. जॅक का गळतो, सील खराब झालं की रॉडला ओरखडा आहे हे कसं ओळखायचं, सिलिंडर आणताना काय सोबत आणायचं, हे सगळं काका बोलत गेले आणि मुलगी टाइप करत गेली, वर लेथचा आवाज, मधेच चहा. प्रत्येक कामाचं वेगळं पान केलं. शहराचं नाव सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं बेळगावी झालं तरी लोक अजून दोन्ही नावं टाकतात, म्हणून पत्त्यात दोन्ही ठेवली.

गूगल मॅपवरची वर्कशॉपची नोंद तिसऱ्याच कुणाच्या तरी नावावर निघाली आणि पिन भलत्याच गल्लीत. मालकीची रिक्वेस्ट टाकली, समोरच्याला उत्तर द्यायला ३ दिवस असतात, उत्तर आलं नाही, मग व्हिडिओ व्हेरिफिकेशन आलं. त्यात रस्ता, बोर्ड, आतली मशीन आणि धंदा आपलाच आहे हे सलग एकाच व्हिडिओत दाखवायचं असतं. काकांनी कुलूप काढलं, शटर वर केलं, लेथ चालू केला आणि चकमध्ये रॉड बांधूनच दाखवला. व्हेरिफाय झालं.

उसाचा हंगाम सुरू झाल्यावर हल्याळकडच्या एका ट्रॉलीवाल्याचा फोन आला. ओळख ना पाळख, मॅप लावून थेट दारात, दोन जॅक घेऊन. काकांनी मला लगेच फोन केला, आवाजातच कळत होतं.

डोमेन आता मुलीच्या ईमेलवर आहे, ते पहिल्यांदा करून घेतलं, माझ्या नावावर काही ठेवलं नाही. बैलहोंगल, गोकाककडची गिऱ्हाइकं कन्नडमध्ये शोधतात म्हणून कन्नड पानांचं काम सध्या चालू आहे, वर्कशॉपमधला बैलहोंगलचा फिटर जेवणाच्या सुट्टीत बसून सांगतो आणि मुलगी लिहून घेते.