काकांच्या तपकिरीच्या डबीतल्या नख्या: किंमत काढायला गेलो त्याचा अनुभव

मोठे काका जाऊन चार वर्षं झाली. नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला होते आणि संध्याकाळी हवाईयन गिटार घेऊन बसायचे. आता काकू पुण्याला मुलीकडे राहायला चालल्यात म्हणून जेलरोडचा फ्लॅट रिकामा करायला मी गेलो होतो, तर गिटारच्या पेटीत वाजवायच्या स्टीलच्या बारच्या शेजारी तपकिरीची एक जुनी डबी सापडली. आत तारा छेडायला बोटांत घालायच्या धातूच्या पाच नख्या आणि अंगठ्यातली एक, कासवाच्या पाठीसारख्या ठिपक्यांची. काकू म्हणाल्या, "अरे हिरव्या पडल्यात बघ, थांब चिंच लावते." मी म्हटलं काकू आत्ता काहीच लावू नका. का म्हटलं ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

ज्यांनी हे वाद्य पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हवाईयन किंवा स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवतात, डाव्या हातातला स्टीलचा बार तारांवरून सरकवतात आणि उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं नख्या घालून छेडतात. सतारीची मिझराब तारेची असते, ही तशी नसते. ही पत्र्याची, पुढे छोटं वाकवलेलं पातं आणि मागे बोटाला धरून ठेवणारे दोन कान. ब्रिजभूषण काब्रा, विश्वमोहन भट्ट यांची नावं बऱ्याच जणांना माहीत असतील, पण काकांच्या पिढीला हे वेड लागलं ते व्हॅन शिपले यांच्या रेकॉर्डी ऐकून.

पाचपैकी तीन नख्यांवर बारीक इंग्रजी अक्षरात 'नॅशनल' असा ठसा होता. मी आधी सरळ सराफ बाजारात गेलो, कारण चमक चांदीसारखी वाटत होती. शेठनी कसोटीवर घासायच्या आधी विचारलं हे बरं केलं, मी नको म्हटलं, त्यांनी नुसतं भिंगातून बघितलं आणि झिजलेल्या कडेची पिवळट झाक दाखवून म्हणाले, "चांदी नाही दादा, जर्मन सिल्वर आहे." आता आपल्याकडे जर्मनचं पातेलं म्हणजे ॲल्युमिनियम, त्याचा याच्याशी संबंध नाही. जर्मन सिल्वर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा एक कणही नाही. घरी येऊन लोहचुंबक लावला, चिकटला नाही, म्हणजे निदान मुलामा दिलेलं लोखंड नाही एवढं कळलं.

मग नॅशनलबद्दल वाचायला घेतलं आणि त्यातच दोन रात्री गेल्या. 1927 मध्ये लॉस एंजेलिसला जॉन डोपयेरा आणि जॉर्ज बोशाँ यांनी ही कंपनी उभी केली. बोशाँ स्वतः हवाईयन गिटार वाजवायचे आणि त्यांना वाद्याचा आवाज मोठा हवा होता, कारण तेव्हा गिटारला अँप्लिफायर नव्हते आणि बँडच्या गोंगाटात गिटार ऐकूच यायची नाही, म्हणून आत ॲल्युमिनियमचे तीन शंकू बसवलेली धातूची गिटार निघाली आणि तिचं अंगही जर्मन सिल्वरचंच होतं. हे वाचून मी डबी परत उघडून बघितली, कारण शेठनी सांगितलेला तोच धातू. पुढे कंपनीची नावं आणि मालक बदलले, 1940 च्या दशकात ती व्हाल्को झाली आणि 1968 ला बंद पडली. पण नॅशनल नावाच्या नख्या नंतरही निघाल्या, त्यामुळे नुसता ठसा म्हणजे जुनी असं धरून चालत नाही. ठशाची अक्षरं, धातू, कानांचा आकार, झीज सगळं मिळून बघावं लागतं. डनलॉप ही नख्या बनवणारी दुसरी अमेरिकन कंपनी, तिची नखी असेल तर एक गोष्ट सोपी, ती कंपनीच 1965 ची आहे, त्यामुळे त्याच्या आधीची असूच शकत नाही.

मागणी कुठून येते हे कळल्यावर मला खरंच आश्चर्य वाटलं. मला वाटलेलं स्टील गिटारवालेच मागत असतील, पण त्यांच्याबरोबर बँजोवालेही या नख्यांच्या मागे असतात. आपला मिरवणुकीतला बँजो नाही, अमेरिकेतला गोल चामड्याचा पाच तारांचा. अर्ल स्क्रग्ज हे त्यातलं मोठं नाव, ते जुन्या नॅशनल वापरायचे, आणि ते वापरायचे म्हणून बाकीच्यांनाही त्याच हव्या. दोन वाद्यांची माणसं एकाच छोट्या वस्तूसाठी येतात, वस्तू बोटाएवढी, सहज हरवणारी, मग भाव चढणारच.

जाडी मोजायला अंबड एमआयडीसीत टूलरूमला असलेल्या मित्राकडे गेलो. मायक्रोमीटरवर 0.62 मिलिमीटर आली. डनलॉपच्या नव्या नख्या इंचाच्या मापात .013 ते .025 पर्यंत मिळतात, म्हणजे साधारण 0.33 ते 0.64 मिलिमीटर. म्हणजे एवढा जाड पत्रा आज दुकानातही मिळतो, म्हणून जुन्याची किंमत केवळ जाडीची आहे असं कोणी सांगितलं तर मला ते पटत नाही. नाशकातल्या एका गिटारवाल्या मित्राला जुनी आणि नवी दोन्ही घालून एकाच तारेवर वाजवायला लावलं. जुनीचा सूर थोडा भरीव लागला, नवीत तारेला लागतानाची टिकटिक जास्त होती. पण काकांनी वर्षानुवर्षं वाजवून जुनीची कड गुळगुळीत केली होती, हेही त्यात असणार.

अंगठ्याच्या नखीने मात्र मला घाबरवलं. खरं कासव असेल तर? जुन्या काळी अशा वस्तू हॉक्सबिल कासवाच्या पाठीच्या करायचे आणि आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे विकायचा प्रश्नच नाही. काही जण गरम सुई टोचून बघायला सांगतात. कृपा करून करू नका, सेल्युलॉइड असेल तर भप्पकन पेटतं. मी अंगठ्याने जोरात चोळली आणि वास घेतला. कापूर! देवघरातला कापूर असतो ना तसाच. सेल्युलॉइड करताना कापूर घालतात, म्हणजे हे सेल्युलॉइड, जीव भांड्यात पडला. पण त्यातूनच हिरव्या रंगाचं कोडं सुटलं. सेल्युलॉइड जुनं होऊन खराब व्हायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते, बंद डबीत शेजारच्या तांब्याच्या मिश्रधातूला ती खाते. जुन्या नाशकातल्या ओळखीच्या तांबटकाकांना दाखवलं तर एका नजरेत म्हणाले, "कळकलंय हे. कशाच्या तरी संगतीनं." ते बफ मारून देतो म्हणत होते, मी हात जोडले, कारण बफच्या चाकावर ठसा पुसट होतो आणि कड झिजते. त्यांनीच मग सांगितलं की साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं पुसायचं. हिरवं बरंचसं गेलं, काळपटपणा राहिला, राहू दिला.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली आणि ती अजून मनाला लागते. ठशाची एक नखी स्वतःच्या बोटात घालून बघितली, सैल होती म्हणून कान दाबले, मग काकांच्या मापाला परत उघडले, आणि कानाच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसली. हा धातू पुन्हापुन्हा वाकवला की कडक होत जातो आणि तुटतो. विकत घेणारा पहिल्यांदा तीच जागा बघतो.

काकांच्या एका जुन्या मित्रांनी कोलकात्याच्या गिटारच्या सरांचा नंबर दिला. त्यांनी फोटो मागितले तेही शिकण्यासारखे, पट्टीशेजारी ठेवून वरून, बाजूने, पात्याची कड जवळून आणि कान आतून. चिरेचं मी आधीच सांगितलं. बाकीच्या दोन नॅशनलचे जोडीचे ₹7,000 ठरले. नवी नखी स्वस्तात येते त्यापुढे ही रक्कम काकूंना खरीच वाटेना. त्या म्हणाल्या, "ते वाजवणार आहेत ना? नुसत्या कपाटात नाही ना ठेवणार?" मी फोन त्यांच्याकडेच दिला. सरांनी हिंदीत सांगितलं की शिकवताना रोज बोटात असतील, तेव्हा काकू हो म्हणाल्या.

प्रत्येक नखीच्या पोकळीत कागदाची गुंडाळी भरली, कान दबू नयेत म्हणून, मग कडक डबीत घालून इन्शुरन्स करून स्पीड पोस्टने पाठवल्या. अंगठ्याची नखी आता वेगळ्या कागदी पाकिटात आहे, हवा लागेल अशी, धातूपासून लांब. बिनठशाच्या दोन आणि चिरेची एक काकू पुण्याला घेऊन गेल्या. चिरेचीचे कान अजून काकांच्या बोटाच्याच मापाचे आहेत.