काढलं की निघालं?

पाहुणा येतो, खुर्चीत टेकतो, भिंतीवरच्या माझ्या चित्राकडं बघतो. पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत विचारतो, "हे तुम्ही काढता, का कॉम्प्युटर काढतो?" सोळा वर्षं झाली. पतसंस्थेतले सहकारी, नणंदेच्या सासरची माणसं, सिलिंडर घेऊन आलेला पोरगा, सगळ्यांचा प्रश्न एकच. अलीकडं त्याला शेपूटही फुटलंय: "एआयचं आहे ना हे?"

शेपटाचं आधी उरकते. नाही. एआयला आधी लोकांची ढीगभर चित्रं खाऊ घालावी लागतात. माझ्या फ्रॅक्टलला, म्हणजे कितीही मोठं करून बघितलं तरी आत पुन्हा तसाच नमुना निघणाऱ्या चित्राला, कुणाचंच चित्र लागत नाही, एका ओळीचं सूत्र लागतं. एवढं सांगितलं की पाहुणा समाधानानं मान डोलावतो आणि म्हणतो, "म्हणजे कॉम्प्युटरच की."

तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पुढच्या वेळी बोलणार नाही, हेच फोनवर पाठवून देईन.

आपण काय काय काढतो बघा. रांगोळी काढतो, फोटो काढतो, कर्ज काढतो, दिवस काढतो. विहिरीतून पाणी काढणाऱ्याला कुणी विचारत नाही की पाणी तुम्ही बनवलंत का. आधीपासून आत असलेलं बाहेर आणलं तरी ते काढणंच. हा माझा कैक वर्षांचा ठेवणीतला मुद्दा, आणि तो मी फार ठसक्यात मांडत असे. आता मात्र मलाच तो पुरत नाही. पाणी काढणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात. माझं फक्त माउसनं मनगट दुखलं.

दुसरा मुद्दा फोटोचा. कॅमेरा मशीनच आहे, तरी फोटो फोटोग्राफरचाच. बरोबर. पण तो उन्हात उभा राहतो, मी पंख्याखाली.

आणि आता लिहायला बसलेच आहे तर हेही सांगून टाकते. माझं सगळ्यात नावाजलं गेलेलं चित्र, जे एका दवाखान्यात लागलंय आणि ज्याच्याखाली बसून लोक नंबर यायची वाट बघतात, त्यात माझं काम जवळजवळ शून्य आहे. २००९ मध्ये सुरुवात केली ती अपोफिसिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर. स्कॉट ड्रेव्ह्स यांनी १९९२ मध्ये शोधलेली 'फ्लेम' म्हणजे ज्वाळेची पद्धत त्यात वापरलेली आहे. प्रोग्रॅम उघडला की तो आपला आपणच रँडम आकडे टाकून चित्रांचा ढीग तयार करून देतो. बनी तो बनी, नहीं तो परभणी. त्या ढिगातलं एक मी उचललं, जरा फिरवलं, प्रिंट काढली. याउलट अल्ट्रा फ्रॅक्टल या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ज्या एका चित्राचे रंग मी तीन महिने लावत होते, ते दाराच्या मागं आहे. दार उघडं असलं की दिसतही नाही.

आता अण्णांचं.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत ड्रॉइंगचे सर होते. अख्ख्या तालुक्यातली पोरं त्यांच्याकडून एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून गेली. मला इंटरमिजिएटला सी ग्रेड. घागरीचं तोंड. कितीही खोडलं तरी एका बाजूला ढळायचं, घागर दारू प्यायल्यासारखी दिसायची. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हातात परत पेन्सिलच दिली नाही.

मग कधीतरी स्क्रीनवर ती काळी आकृती आली, मँडेलब्रॉट सेट म्हणतात ती, काठाला कोंब फुटलेली. कोंब मोठा करून बघितला तर त्याला आणखी कोंब, त्यांच्या आत खोलवर पुन्हा तीच काळी आकृती, बाळासारखी. माझ्या हातून न ढळता निघालेली पहिली रेघ ती. माझ्या हातून म्हणजे, हेच ते. इथंच तुमचा प्रश्न येतो.

२०१७ च्या जानेवारीत शेजारच्या जिल्ह्याच्या गावी चित्रप्रदर्शन होतं. माझ्या एका चित्राला भिंत मिळाली. प्रिंट काढायला गेले तर फ्लेक्सवाल्या पोरानं फाइल बघून विचारलं, "ताई, साहेबांचा फोटो कुठं टाकायचा?" त्याला वाटलं, वाढदिवसाच्या बॅनरची मागची डिझाइन आहे. मी हसले. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

त्याहून मोठी चूक मी चित्राखाली लावलेल्या कार्डात केली. वेरूळच्या कैलास लेण्याच्या शिखरावर थरावर थर छोट्या देवळांचे आहेत, देवळावर देवळं, म्हणून हेही तसंच, असं मी लिहिलं. एवढ्यावर थांबले असते तर निभलं असतं. पुढं लिहिलं, "कैलास वरून खाली कोरत आणलं, हे चित्रही वरून खाली उतरतं." कारण रेंडर करताना, म्हणजे कॉम्प्युटर सूत्रावरून चित्र तयार करत असताना, ते पडद्यावर ओळीओळीनं वरून भरत येतं. तेव्हा मला ती जुळणी फार सुंदर वाटली होती. आज ती बाई समोर असती तर तिच्या हातातलं कार्ड काढून घेतलं असतं. एका अखंड डोंगरात माणसांनी छिन्नी मारली, बाई. तू एंटर मारलंस.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्यासोबत आले. पांढरा नेहरू शर्ट, इस्त्री केलेला. दुपारी एक ज्येष्ठ चित्रकार आले. निसर्गचित्रांसाठी आमच्या भागात नावाजलेले, अण्णांच्याही ओळखीचे. त्यांनी कार्ड पूर्ण वाचलं. चष्मा कपाळावर सरकवून चित्र जवळून बघितलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, हे पुन्हा काढून दाखवता का?"

मला आनंदच झाला. कुणीतरी कृती विचारतंय! टेबलावर लॅपटॉप होता, बॅटरी केव्हाच मेलेली म्हणून वायर लावूनच चालायचा. मी पॅरामीटरची फाइल उघडली. या छंदात चित्र म्हणजे खरं तर ती फाइलच असते: सूत्र कोणतं, कुठल्या जागी, किती मोठं करून, रंग कोणते. दहा-वीस ओळी. रेंडर लावलं. चार मिनिटं. वरून एक पट्टी उतरली, मग दुसरी. पंधरा-वीस माणसं गोळा झाली. ते चित्रकार सर एकदा पडद्याकडं, एकदा भिंतीकडं बघत होते. चित्र पूर्ण झालं.

"रेघ न् रेघ तीच," सर म्हणाले.

"हो ना!" मी म्हणाले. अजूनही मला वाटत होतं की मी जिंकतेय.

"माझ्याकडून एकच झाड दोनदा सारखं निघत नाही," सर म्हणाले. "आणि ही फाइल तुम्ही मला दिली, तर माझ्याकडं पण हेच निघंल?"

"हो."

"म्हणजे तुम्ही नसलात तरी निघंल."

कुणीतरी हसलं. फार मोठ्यानं नाही. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि पुढच्या चित्राकडं गेले. वाईट माणूस नव्हता तो, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. चार वाजता चहाहून परतले तर भिंतीवर माझ्या जागी दुसऱ्याचं चित्र होतं आणि माझं सहीच्या रजिस्टरशेजारी टेबलाला टेकवून ठेवलेलं. "जागा कमी पडायली ताई, मोठं चित्र आलं," संयोजक म्हणाले. खरंच मोठं होतं. बैलजोडी होती.

काय काय बोलता आलं असतं! या एका फाइलच्या आधीच्या एकतीस फाइली मी टाकून दिल्यात, हे. गाण्याची रेकॉर्ड कितीदाही लावली तरी तेच गाणं वाजतं, म्हणून ते गायलंच नाही असं होत नाही, हे. त्या काळ्या आकृतीचं स्वतःचं श्रेय तरी कुठं मिटलंय? नाव मँडेलब्रॉट या गणितज्ञांचं, त्यांनी ती १९८० मध्ये आयबीएमच्या यंत्रांवर बघितली. पण १९७८ मध्ये ब्रूक्स आणि मॅटेल्स्की या दोन गणितज्ञांनी तिची ओबडधोबड छबी फुल्यांनी छापून काढली होती. नाव दिलं तेही मँडेलब्रॉट यांनी नव्हे, दुआदी आणि हबर्ड यांनी. आणि सगळ्यांच्या मागं पहिल्या महायुद्धात नाक गमावलेले, चेहऱ्यावर चामड्याची पट्टी बांधणारे गास्तों ज्यूलिया. त्यांनी आणि फातू यांनी हे गणित मांडलं तेव्हा कॉम्प्युटर नावाचं यंत्र नव्हतंच. एवढ्या मोठ्या माणसांत 'काढलं कुणी' याचा निकाल लागत नाही आणि तुम्ही तो चहाच्या कपाबरोबर माझ्याकडून मागता.

यातलं एक अक्षर तिथं सुचलं नाही. मी वायर गुंडाळत बसले.

येताना एसटीत अण्णांनी शेंगा घेतल्या. टरफलं कागदात नीट जमा करत होते. जिल्ह्याची हद्द ओलांडली तेव्हा म्हणाले, "चुकीचं नाही बोलले ते."

पंधरा दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

सोळाव्या दिवशी तेच येऊन शेजारी बसले. "ते गणित दाखव."

पतसंस्थेचं पाठकोरं व्हाउचर घेतलं. अण्णा, शून्यापासून निघायचं. वर्ग करायचा, आपला आकडा मिळवायचा. येईल त्याचा परत वर्ग, परत तोच आकडा मिळवायचा. आकडा १ घ्या. त्यांनी लिहिलं: ०, १, २, ५, २६, ६७७. "सुटला हा." आता −१ घ्या. ०, −१, ०, −१, ०. अण्णा थांबले. "हा झोक्यावर बसलाय." बास, एवढंच आहे. सुटत नाही तो ठिपका काळा. सुटतो त्याला रंग, किती फेऱ्यांत २ च्या पलीकडं गेला त्यावरून. पडद्यावरचा एकेक ठिपका म्हणजे असा एकेक आकडा, आडवा-उभा जोडीचा. फुल एचडीत २० लाख ७३ हजार ६०० ठिपके.

"आणि रंग कोणता द्यायचा ते कोण ठरवतं?"

"मी."

"मग असले कामून ठरवलेस?"

आठ वर्षांत इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. वरातीच्या लाइटिंगसारखे रंग आहेत म्हणाले. जांभळा कच्चा आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून आले ते रुमालात करडईची फुलं घेऊन. बोटाला काटे टोचले होते. तीन फुलं टेबलावर ओळीनं मांडली: ताजं पिवळं, जुनं होत आलेलं शेंदरी, सुकून विटकरी झालेलं. "एवढे तीन आणि काळी जमीन. चौथा घेऊ नको." पोस्टर कलरच्या बाटल्यांबद्दल वर्गात बोलायचे तसंच.

त्या रात्री आम्ही सीहॉर्स व्हॅलीत उतरलो. मोठ्या आकृतीच्या आणि तिला चिकटलेल्या गोलाच्या मधल्या खाचेला तसं म्हणतात, कारण तिथं सागरघोड्यांच्या शेपट्यांसारख्या गुंडाळ्याच गुंडाळ्या असतात. अण्णा बोट दाखवायचे, मी क्लिक करायची. डावीकडं. त्या फांदीत. अजून आत. एका ठिकाणी म्हणाले, "थांब. इथं थांब." काळ्या मातीवर करडईचं अख्खं रान पेटल्यासारखं होतं, मधोमध ते इवलं काळं बाळ. मोठं करण्याचा आकडा होता १ वर ११ शून्यं. दोघंही बघत बसलो. सेव्ह करायचं माझ्या लक्षात आलं आणि लाइट गेली. बॅटरी मेलेली.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "ते कालचं लाव."

मी हिशेबातली बाई, हिशेब केला. तेवढं मोठं करून बघायचं तर पूर्ण आकृतीत १ वर २२ शून्यं इतक्या चौकटी होतात. पहिली तीन-चार वळणं आठवत होती, −०.७४ च्या पुढं कुठंतरी. त्यानंतर नाही. सरांना आता सांगता येईल की बघा, मशीन आहे, सूत्र आहे, रंग आहेत, तरी निघत नाही. पण मी आहे, अण्णा आहेत, तरीही निघत नाहीच. मग कुणाच्या बाजूचा झाला हा पुरावा? मी दोन्हीकडून वापरून बघितलाय.

भिंतीवरचं जांभळं-शेंदरी तुम्ही बघता ते त्याच्या आधीचं, प्रदर्शनातलंच. अण्णा ते काढ म्हणतात, मी काढत नाही.

आता ते ८१ वर्षांचे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून रंगांवर जास्तच टोकतात. लॅपटॉप नवा आहे, बॅटरी धडकी आहे, दर क्लिकला सेव्ह करते. रात्री जेवण झालं की माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहतात.

"ते करडईचं सापडलं का?"

"नाही, अण्णा."

"आज डावीकडून जाऊन बघ."