‘साफ होतंय का?’

सांगली-मिरजेकडच्या वॉर्डांत सकाळच्या फेरीला "संडासला साफ होतंय का?" हा प्रश्न प्रत्येक खाटेपाशी विचारला जातो आणि बहुतेक वेळा "होतंय की" एवढे उत्तर घेऊन आम्ही पुढच्या खाटेकडे वळतो. या उत्तरातून फारसे काही कळत नाही, हे मला एका आजींमुळे उमगले.

त्या तासगाव तालुक्यातल्या होत्या आणि न्यूमोनियासाठी दाखल झाल्या होत्या. सहाव्या दिवशी नोंदीत ‘जुलाब, दिवसातून सात-आठ वेळा’ असे लिहिलेले पाहून मी जुलाब थांबवणारी गोळी सुरू केली. प्रतिजैविके चालू असल्याने कारणही आयते हाताशी होते. दुसऱ्या दिवशी पोट फुगले. तेव्हा कुठे हातमोजा घालून गुदमार्ग तपासला, तर आत चिकणमातीसारखा घट्ट मळ अडकून बसलेला आणि त्याच्या कडेने वरचा पातळ मळ नकळत झिरपत होता. म्हणजे ज्याला आम्ही जुलाब म्हणत होतो, ते बद्धकोष्ठच होते आणि माझ्या गोळीने त्यात भर घातली होती. ही तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. ती टाळण्यामागे संकोचाखेरीज दुसरे कारण नव्हते.

एनिमा देऊन मोकळे झाल्यावर मी आजींना प्रथमच नीट विचारले, "आजी, घरी कसं असायचं?" त्या म्हणाल्या, "रोज पहाटं, च्या घेतला की लगीच. हितं त्या भांड्यावर बसवतच न्हाई, पडद्याआड मान्सं बोलत्यात." ज्वारीची भाकरी जाऊन मऊ भात आला होता, चालणे थांबले होते, धाप लागेल म्हणून पाणीही कमी प्यायले जात होते आणि कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल चालू होते. यांतले एकेक कारणही बद्धकोष्ठाला पुरेसे असते.

बदल मोजायचा तो त्या माणसाच्या घरच्या सवयीशी ताडून. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत काहीही निरोगी असू शकते, त्यामुळे रोज न होणे हा आजार नव्हे. पण रोज जाणारा माणूस तीन दिवस गेला नाही, तर ती नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. कितीदा जातो याइतकेच कसे होते हेही महत्त्वाचे असते. ब्रिस्टलच्या तक्त्यात मळाचे सात प्रकार चित्रांनी दाखवले आहेत: पहिले दोन बद्धकोष्ठाचे, तिसरा-चौथा सर्वसाधारण आणि शेवटचे दोन जुलाबाचे. शब्दांनी लाजणारी माणसे चित्रावर मात्र चटकन बोट ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

औषधांची यादी पाहिल्याखेरीज ही चौकशी पुरी होत नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचा डोस वाढवल्यावर शौचास पातळ होऊ शकते, तर लोहाच्या गोळ्या आणि नैराश्यावर किंवा नसांच्या दुखण्यावर दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन यांनी घट्ट होऊ शकते. थायरॉइड मंदावणे, रक्तातले कॅल्शियम वाढणे किंवा पोटॅशियम घटणे हीदेखील बद्धकोष्ठाची कारणे आहेत. लोहाने मळ काळा होतो खरा, परंतु डांबरासारखा चिकट, उग्र वासाचा काळा मळ वरच्या आतड्यातील किंवा जठरातील रक्तस्रावाचा असू शकतो, म्हणून "गोळीमुळे असेल" असे म्हणण्याआधी तो स्वतः पाहावा.

"उष्णतेनं रक्त पडतंय" हे वाक्य आमच्याकडे फार ऐकू येते आणि त्यावर मूळव्याधीचे मलम परस्पर आणले जाते. पन्नाशीनंतर सवय नव्याने बदलली असेल, वजन उतरले असेल, रक्त कमी झाले असेल किंवा रात्री झोपेतून शौचासाठी उठावे लागत असेल, तर दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी करण्याचा विचार लांबणीवर टाकू नये.

आता मी नोंदीच्या कागदाइतकाच वॉर्डातल्या मावशींवर विसंबतो, कारण भांडे रिकामे करतात त्या. परवा त्यांनीच मला दारात अडवून सांगितले, "अकरा नंबरच्या आजोबांचं जुलाब न्हवं डॉक्टर, नुसता पाण्यागत पाझर हाय. बोट घालून बघा एकदा."